मोरीचे पाणी परसात वळवा
(कृषी विस्तार अधिकारी, बी. एस्सी. कृषी)



आपल्या महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण भागात, म्हणजे माण-खटाव, सांगोला-आटपाडी, जत, आष्टी-पाटोदा या पट्ट्यात, फाल्गुन उलटला की विहिरींचे तळ दिसू लागतात. मग हंडे-कळश्या घेऊन बायाबापड्यांची पायपीट सुरू होते, टँकरची वाट पाहणे सुरू होते. अशा गावात भर चैत्रात एक फेरी मारून पाहा. प्यायला पाणी नाही म्हणणाऱ्या त्याच गावाच्या गल्लीतून मोऱ्यांचे काळे पाणी वाहताना दिसेल. कुठे डबके साचलेले, कुठे डुकरे लोळत असलेली, तर कुठे शेजाऱ्याच्या दारात पाणी गेले म्हणून भांडण पेटलेले. दोन मैलांवरून डोक्यावर आणलेले पाणी एकदाच वापरायचे आणि गल्लीत सोडून डास पोसायचे, हा व्यवहार कोणाही हिशेबी माणसाला न पटणारा आहे.

हेच सांडपाणी परसातल्या झाडांना कसे द्यावे, कोणते द्यावे, कोणते देऊ नये आणि जमिनीची नासाडी कशी टाळावी, याची माहिती या लेखात देत आहे. संडासाचे पाणी यात मुळीच धरलेले नाही, हे आधीच सांगून ठेवतो. न्हाणी, स्वयंपाकघर आणि धुणे यांच्या पाण्यापुरतेच हे लिखाण आहे.

आधी हिशेब मांडू

सन २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातील माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे प्रमाण धरले आहे. घरात पाच माणसे असतील तर दिवसाला २७५ लिटर झाले. पिणे, स्वयंपाक, जनावरे, सडा-सारवण आणि संडास यांत काही पाणी जाते. उरलेले साधारण सत्तर टक्के, म्हणजे १९० लिटरच्या आसपास पाणी मोरीतून बाहेर पडते. टंचाईच्या दिवसांत माणशी २० लिटरवर भागवावे लागले, तरी अशा घरातून ६० ते ७० लिटर सांडपाणी निघतेच.

आता हे पाणी कितीसे, असे आपण म्हणाल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपणांस आठवत असेल. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत ५० हजार लिटर, असे एकूण पाच लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशात त्याची चर्चा झाली. पाचशे उंबऱ्यांच्या गावाने घरटी १९० लिटर सांडपाणी सोडले, तर तेवढीच गाडी सहा दिवसांच्या आत गल्लीत रिकामी होते. त्यावर कोणी बोलत नाही.

शेतीच्या भाषेत पाहू. आपल्याकडे कडक उन्हाळ्यात जमीन व पीक मिळून दिवसाला सुमारे सात मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजे एका चौरस मीटरला सात लिटर लागतात. थोडी गळती धरली, तरी १९० लिटरमध्ये दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब एवढी जागा ऐन वैशाखात हिरवी राहते. एवढ्या जागेत शेत पिकणार नाही हे खरे, पण घरची भाजी, लिंबू आणि केळीचा घड निघतो. बाजारात पावशेर भाजीला काय मोजावे लागते, ते घरधनिणीला विचारा.

पाण्या-पाण्यात फरक आहे

सांडपाणी म्हटले की सगळे एकच, असे समजू नये. त्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिले आंघोळीचे पाणी. त्यात अंगाचा मळ आणि थोडा साबण एवढेच असते. झाडांना हे सर्वांत चांगले. मात्र घरात तान्हे मूल असेल, तर त्याची घाण झालेली दुपटी धुतलेले पाणी यात मिसळू नये. ते संडासात टाकावे. घरात कोणाला हगवण किंवा कावीळ झाली असेल, तर तो माणूस बरा होईपर्यंत न्हाणीचे पाणी परसात न घेता शोषखड्ड्यात सोडावे.

दुसरे स्वयंपाकघराचे पाणी. त्यात खरकटे, पीठ, तेल-तूप असते. हे पाणी लवकर आंबते आणि घाण वास मारते. तेलाचा थर मातीच्या भोकांत बसला की पाणी जिरेनासे होते. म्हणून भांडी घासण्यापूर्वी खरकटे पुसून जनावरांच्या टोपल्यात किंवा उकिरड्यावर टाकावे, आणि पाणी जाळीतून गाळूनच पुढे सोडावे.

तिसरे धुण्याचे पाणी. सर्वांत जपून वापरावे ते हेच. कपडे धुण्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा व सोडियमचे इतर क्षार असतात. यातही भेद करता येतो. कपडे घासून काढलेले पहिले पाणी फेसाळ आणि खारट असते. ते झाडांना देऊ नये. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कपडे खळबळून काढलेले पाणी चालते. आपल्या आया-आज्या भांडी राखेने घाशीत आणि धुणे रिठ्याने किंवा शिकेकाईने करीत, तेव्हा हा प्रश्न नव्हता. आज तसे करा असा आग्रह मी धरणार नाही, पण पावडर मापात वापरावी. फेस जास्त म्हणजे कपडा जास्त स्वच्छ, हा समज खरा नव्हे.

सोड्याने जमीन चोपण होते

हा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण सांडपाण्यावरची परसबाग दोन-तीन वर्षांत बसते ती यामुळेच.

काळ्या जमिनीत चिकणमातीचे बारीक कण असतात. चुन्यातील कॅल्शियम हे कण एकमेकांशी धरून ठेवते, म्हणून मातीचे रवे होतात आणि त्यांच्यामधून हवा-पाणी खेळते. सोडियम वाढत गेले की ते कॅल्शियमची जागा घेते, रवे विस्कटतात आणि कण सुटे होऊन भोके बुजवतात. अशी जमीन ओली असताना चिखल होते, वाळली की दगडासारखी टणक. कालव्याच्या भागात अति पाण्याने जमिनी चोपण झालेल्या आपण पाहिल्या आहेत. त्याचीच लहान आवृत्ती मोरीच्या तोंडाशी होते.

याच्या खुणा लवकर ओळखता येतात. आळ्यात पाणी तुंबून राहते. वाळल्यावर मातीवर पांढुरका थर दिसतो. पानांच्या कडा करपू लागतात, आधी जुन्या पानांच्या. अशा खुणा दिसताच त्या आळ्याचे सांडपाणी बंद करावे, शेणखत भरपूर घालून माती हलवावी आणि पावसाळ्यात क्षार खाली धुऊन जाऊ द्यावेत. मृगापूर्वी चौरस मीटरला पाव ते अर्धा किलो जिप्सम मातीत मिसळले तर त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकून लावते. पण जमीन चुनखडीची असेल तर उपाय वेगळा पडतो. म्हणून माती तपासून घेऊन कृषी खात्याच्या माणसाचा सल्ला घ्यावा.

आणखी एक. काही गावांत कूपनलिकेचे पाणीच मुळात मचूळ असते. तेथे सांडपाणी त्याहून खारट होणारच. अशा ठिकाणी नारळासारखी क्षार सोसणारी झाडे घ्यावीत. लिंबाच्या वाटेला जाऊ नये, लिंबूवर्गीय झाडाला क्षार मुळीच सोसत नाहीत.

बांधणी कशी करावी

यात महाग असे काही नाही. एक गवंडी, थोड्या विटा, एक नळी आणि घरच्या माणसांचे दोन दिवस एवढ्यात काम होते.

मोरीच्या तोंडाला प्रथम बारीक जाळी बसवावी. तिच्यापुढे दीड फूट लांब, दीड फूट रुंद व तेवढाच खोल असा विटांचा हौद बांधावा. यातून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचे आतले तोंड बाक देऊन खाली वळवावे आणि पाण्याच्या पातळीखाली बुडते ठेवावे. तेल-तूप वर तरंगते, गाळ तळाशी बसतो आणि मधले पाणी तेवढे नळीतून पुढे जाते. हौदावर फरशीचे घट्ट झाकण ठेवावे आणि आठवड्यातून एकदा वरचा थर व तळाचा गाळ काढून उकिरड्यात पुरावा.

हौदापासून परसापर्यंत नळी किंवा चारी न्यावी. शंभर फुटांस एक ते दोन फूट उतार पुरे. शेवटी दोन आळ्यांचे गट करावेत आणि पाणी एक दिवसाआड आलटून पालटून द्यावे. एका गटाची माती श्वास घेते, तोवर दुसरा गट पाणी पितो. सारे पाणी रोज एकाच झाडाला दिले तर त्याची मुळे कुजतात. घरोघरी होणारी चूक ती हीच.

आळ्यात उसाचे पाचट, तुराट्यांचा भुसा किंवा वाळला पाला चार बोटे जाड पसरावा. पाणी या आच्छादनाखाली सोडावे, वर नाही. त्याने तीन कामे होतात. ऊन लागत नाही म्हणून पाणी उडत नाही, डासांना अंडी घालायला उघडे पाणी सापडत नाही, आणि साबणाचा मळ कुजवणारे जिवाणू त्या ओलाव्यात वाढतात.

एक नियम कायमचा पाळावा. सांडपाणी पिंपात वा टाकीत साठवू नये. चोवीस तासांपलीकडे ते सडते आणि जंतू वाढतात. आजचे पाणी आजच मातीत गेले पाहिजे.

कोणती झाडे लावावीत

कोकणात न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू आणि माड वाढवण्याची रीत जुनीच आहे. देशावरही मोरीकाठी अळूचा ताटवा असायचा. तीच रीत जरा हिशेबाने पुढे न्यावी.

१९० लिटरचे घर असेल तर पुढीलप्रमाणे लावणी बसते. चार केळी, उन्हाळ्यात प्रत्येकीस १५ ते २० लिटर. दोन पपया, प्रत्येकी दहा लिटर. एक शेवगा, दहा-बारा लिटर. एक लिंबू, तीसेक लिटर. एक कढीपत्ता, पाचेक लिटर. उरलेल्यात अळूचा एक लहान वाफा. लिंबू आणि कढीपत्ता यांना फक्त आंघोळीचे पाणी द्यावे. जाळीतून आलेले स्वयंपाकघराचे पाणी केळीला सोडावे. धुण्याच्या पहिल्या पाण्याच्या वाटेवर कर्दळ लावावी. तिला ते पाणी बरेच सोसते, आणि फुलेही मिळतात.

टंचाईत पाणी ६०-७० लिटरवर आले, तर केळीचा मोह सोडावा. लिंबू व शेवगा धरावा. लिंबाला निम्मे पाणी मिळाले तरी ते फळ टाकील, पण जीव धरून राहील. केळ तसे करणार नाही.

जे कच्चे खातो ते या पाण्यावर घेऊ नये. कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात, काकडी ही पिके टाळावीत. मातीला टेकणारी किंवा मातीत वाढणारी कोणतीही कच्ची भाजी नको. उंचावर लागणारी फळे आणि शिजवून खायच्या भाज्या चालतात. पाणी फळावर किंवा पानावर उडवू नये, बुडाशी द्यावे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

परस नसेल किंवा पावसाळा असेल तर

गावठाणात पुष्कळांच्या घराला परस नसतो. पावसाळ्यात तर जमीन आधीच ओली असते, तेव्हा झाडांना हे पाणी नको असते. दोन्ही वेळी शोषखड्डा उपयोगी पडतो. म्हणून हौदापुढे नळीला दोन तोंडे ठेवावीत, एक परसाकडे आणि दुसरे खड्ड्याकडे. जे नको त्याला बोळा मारावा.

नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारे आणि डास यांपासून सुटका करून घेतली. पुढे त्या जिल्ह्यातील अनेक गावांनी हाच कित्ता गिरवला. तेथील खड्डा चार फूट लांब, चार फूट रुंद व चार फूट खोल असतो. मध्यभागी भोके पाडलेली सिमेंटची टाकी, सभोवती खाली मोठे दगड व वर लहान दगड, आणि त्यावर झाकण. गाळ टाकीतच राहतो आणि तो काढता येतो, म्हणून खड्डा लवकर बुजत नाही.

खड्डा घेण्यापूर्वी जमीन पाणी पिते का, ते पाहावे. योजलेल्या खोलीवर एक फूट रुंद, एक फूट खोल भोक घ्यावे. रात्री पाणी भरून ठेवावे. सकाळी पुन्हा सहा इंच पाणी भरून घड्याळ लावावे. अर्ध्या तासात एक इंच किंवा जास्त पाणी उतरले तर शोषखड्डा चालेल. मुरमाड जमिनीत ते सहज उतरते. खोल काळ्या जमिनीत पाणी तसेच उभे राहते. तेथे खड्ड्यावर पैसा घालू नये. मुरूम लागेपर्यंत खोल जावे किंवा पाणी अनेक आळ्यांत पातळ पसरून द्यावे. खड्डा पिण्याच्या विहिरीपासून व हातपंपापासून निदान ६० फूट दूर असावा, आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा सहा-सात फूट तरी वर असावा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, सन २०२० पासून, सांडपाण्याच्या व्यवस्थेवर भर दिलेला आहे. गावासाठी काय सोय होऊ शकते याची चौकशी ग्रामपंचायतीत करावी व ग्रामसभेत हा विषय मांडावा.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

*डास वाढणार नाहीत का?* उघडे पाणी साचले तरच वाढतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. पाणी त्याच दिवशी जिरले तर त्याला वेळच मिळत नाही. हत्तीरोगाचा डास घाण पाण्यात वाढतो, डेंग्यूचा मात्र स्वच्छ पाण्यात. तेव्हा मोरीबरोबर घरातील रांजणही झाकावा आणि आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करावीत.

*गाळलेले पाणी स्वच्छ दिसते, जनावरांना पाजावे का?* नाही. खडी, वाळू व कोळशाच्या थरांतून गाळले तरी डोळ्यांना न दिसणारे जंतू आणि सोडा त्यात राहतात. ते पाणी फक्त मातीचे.

*हे पाणी देवाच्या तुळशीला कसे द्यावे?* देऊ नये, तुळशीला तांब्याभर चांगले पाणी घालावे. पण त्याच कारणाने केळही सुकू द्यावी, हे पटण्यासारखे नाही.

पाणी कोणाचे?

शेवटी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. नोकरीच्या निमित्ताने मी पुष्कळ गावांत ही कामे सुरू होताना आणि बंद पडताना पाहिली आहेत. बंद का पडली हे शोधले, तर कारण बहुधा एकच निघते. खड्डा पुरुषांनी ठरवला, जागा पुरुषांनी ठरवली, आणि जाळी साफ करायचे काम मात्र बाईच्या गळ्यात पडले. आधीच पाणी आणून, धुणी-भांडी करून ती दमलेली असते. दोन महिने तिने जाळी काढली, तिसऱ्या महिन्यात सोडून दिली, आणि पाणी पुन्हा गल्लीत आले. दोष तिला देण्यात आला.

ज्या घरांत हे काम वर्षानुवर्षे टिकले, तेथे रीत उलटी होती. कोणते झाड लावायचे आणि कोणते पाणी कुठे सोडायचे, हे घरधनिणीने ठरवले, कारण कोणत्या मोरीत काय जाते ते तिलाच ठाऊक. चारी खणणे, हौद उपसणे, जाळी धुणे ही कामे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाटून घेतली. लिंबू-शेवगा विकून जे चार पैसे आले, ते तिच्या हाती राहिले. अशा घरातील परस दुष्काळातही मोडला नाही. ते पाणी तिने डोक्यावरून आणलेले असते. त्याच्या दुसऱ्या वापरावर पहिला हक्क तिचाच.

या आठवड्यात एवढे करा

तीन दिवस मोरीच्या तोंडाशी बादली लावून पाणी मोजा आणि चुन्याने भिंतीवर आकडे लिहा. चौथ्या दिवशी भोक घेऊन जमीन किती पाणी पिते ते पाहा. पाचव्या दिवशी घरातील सर्वांनी, आईला व सुनेलाही बसवून, कोणती झाडे लावायची ते ठरवा. सहाव्या दिवशी जाळी बसवा. सातव्या दिवशी चारी ओढा. हौद महिन्याभरात सवडीने बांधला तरी चालेल, तोवर स्वयंपाकघराचे पाणी वेगळे ठेवून फक्त आंघोळीचे पाणी वळवा.

पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. उंबऱ्याच्या आत आलेला हंडा एकदा वापरून फेकायचा की दोनदा, हे मात्र आपल्याच हाती आहे. येत्या उन्हाळ्यात आपल्या परसात निदान एक लिंबाचे झाड हिरवे राहो, ही सदिच्छा.